कोयनेलची चोरवाट

तस्करी हा शब्द उच्चारला की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे अमावास्येच्या रात्री दिवे मालवून कोकणच्या खाडीत शिरणारे गलबत उभे राहते, त्यातून खांद्याखांद्यावरून उतरणारी सोन्याची बिस्किटे आणि विलायती घड्याळे दिसतात, आणि किनाऱ्यावरच्या माडांच्या आड दबा धरून बसलेला जकात खात्याचा अंमलदार दिसतो. ज्या मालाची हकीकत मला येथे सांगावयाची आहे तो माल अगदी निराळ्या जातीचा होता. एका चिमटीत त्याचे शेकडो दाणे मावत आणि फुंकर घातली तर ते उडून जात. तरीही एका खंडातून दुसऱ्या खंडात तो पोहोचविण्यासाठी दोन साम्राज्यांनी आपली माणसे खोट्या नावांनी आणि चोरवाटांनी पाठविली, अनेकांनी आपली प्रकृती कायमची गमावली, आणि एका माणसाचा तर त्यापायी प्राण गेला. तो माल म्हणजे सिंकोना नावाच्या वृक्षाचे बी. या वृक्षाच्या सालीतून जे औषध निघते त्यास आपल्या घराघरांत ‘कोयनेल’ असे म्हणत.

माझ्या लहानपणी पावसाळा सरता सरता घरातील कोणाला ना कोणाला थंडी वाजून ताप भरावयाचा. घोंगड्यांवर घोंगडी घातली तरी दात वाजत, मग अंग भट्टीसारखे तापे, मग दरदरून घाम सुटून माणूस ओल्या फडक्यासारखा पडून राही, आणि एक दिवस मध्ये टाकून, ठरल्या वेळी, पुन्हा तोच क्रम सुरू होई. अशा वेळी आजी फडताळातून तपकिरी बाटली काढी, आणि तिच्यातील गोळी गुळाच्या खड्यात लपवून जिभेवर ठेवी. गूळ विरघळून जाई, कडूपणा मात्र जिभेच्या मुळाशी दिवसभर टिके, आणि दोन-तीन दिवस गोळ्या घेतल्या की कानांत सतत भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागे. ही गोळी कोठून येते असे आम्ही विचारले तर ‘दवाखान्यातून’ एवढेच उत्तर मिळे, आणि त्यापलीकडे विचारण्याचे आम्हांस सुचलेही नाही. पुढे वाचनाच्या ओघात त्या गोळीचा माग काढीत मी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पूर्व उतारापर्यंत जाऊन पोहोचलो, आणि तेथे मला जी माणसे भेटली ती तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाहीत.

अँडीजच्या पूर्वेकडील अंगावर, जेथे ॲमेझॉनच्या अरण्यातून वर चढणारी वाफ डोंगरास अडून रोज धुके आणि पाऊस होऊन उतरते, तेथे कोलंबियापासून बोलिव्हियापर्यंत हा वृक्ष विखुरलेला आढळतो. त्याचे दाट बन क्वचितच असते. अरण्यात येथे एक, तेथे दोन, अशी झाडे शोधावी लागतात. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी त्याची साल युरोपात नेली. पेरूच्या कोणा एका व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली अशी एक गोड आख्यायिका पसरली, आणि लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७४२ साली तिच्याच नावावरून झाडाचे नामकरण केले. त्या आख्यायिकेस कागदोपत्री आधार सापडत नाही. पण झाडाला नाव मात्र तेच चिकटले. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन हे तिचे सत्त्व वेगळे काढले, आणि तेव्हापासून औषध मोजूनमापून देता येऊ लागले. झाडाझाडांतील भेदही तेव्हाच उघडकीस आला, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या दोन झाडांपैकी एकाच्या सालीत सत्त्व भरपूर असे आणि दुसऱ्याच्या सालीत ते जवळजवळ नसे.

हिवताप डासामुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस दाखवून दिले ते १८९७ साली. तोपर्यंत दलदलीवरून येणारी दूषित हवा हेच या रोगाचे कारण मानले जाई. कारण अज्ञात होते तरी उतारा मात्र हाती होता, आणि तो उतारा पृथ्वीच्या पाठीवरील एकाच पर्वतराजीत उगवत होता. ज्यांना उष्ण कटिबंधातील मुलखांवर राज्य करावयाचे होते त्या युरोपीय सत्तांना हे परावलंबन सहन होणे शक्य नव्हते. हिंदुस्थानातील इंग्रज सरकारास आपल्या पलटणींसाठी आणि इस्पितळांसाठी ही साल दरसाल जबर किंमत देऊन विकत घ्यावी लागे. उलट पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर ही स्पेनच्या अंमलातून नुकतीच मुक्त झालेली प्रजासत्ताके, त्यांच्या रित्या खजिन्यास या सालीच्या व्यापाराचा मोठा आधार होता. साल विकावी, पण रोप आणि बी देशाबाहेर जाऊ देऊ नये, असे त्यांना वाटणे अगदी स्वाभाविक होते. कोठे याविषयी हुकूम निघाले, कोठे हुकूम निघण्याआधीच गावोगावच्या लोकांनी तसा निश्चय केला.

साल गोळा करणाऱ्यांना तिकडे ‘कास्कारिलेरो’ म्हणत. ही माणसे आठवडेच्या आठवडे अरण्यात राहून झाड हेरीत, ते बुंध्यापाशी तोडीत, सोलीत, आणि वाळविलेल्या सालीचे गठ्ठे पाठीवर घेऊन डोंगर चढून येत. एका झाडाची साल म्हणजे एका झाडाचा अंत. म्हणूनच हा वृक्ष असाच तोडला गेला तर नामशेष होईल, त्यास वाचवावयाचे तर इतरत्र लावले पाहिजे, असा युक्तिवाद युरोपातून होऊ लागला. या युक्तिवादात तथ्य होते हे मी नाकारीत नाही. पण ज्याच्या अंगणातील झाड वाचवावयाचे त्याला न विचारता ते उपटून आपल्या अंगणात नेणे, आणि मग त्याच्याच मालाशी स्पर्धा करणे, यास केवळ वृक्षप्रेम म्हणणेही मला कठीण जाते.

पहिली पद्धतशीर स्वारी डच लोकांची. जावा बेटावर बागा करण्यासाठी यूस्टस हासकार्ल नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५२ साली ‘म्यूलर’ असे खोटे नाव धारण करून पेरूकडे निघाला, आणि दोन वर्षांच्या खटपटीने काही रोपे घेऊन निसटला. ती झाडे जावात वाढली खरी, परंतु त्यांच्या सालीत सत्त्व फारसे निघाले नाही. हासकार्लच्या या कृत्याची वार्ता मात्र त्या डोंगरात सर्वत्र पसरली, आणि हा परका पुन्हा आला तर त्याचे पाय तोडू, असे तेथील लोक बोलत असल्याचे त्याच्यामागून आलेल्या इंग्रजाने लिहून ठेवले आहे.

हा मागून आलेला इंग्रज म्हणजे क्लेमेंट्स मार्कहॅम. पूर्वीचा आरमारी अधिकारी, लंडनच्या इंडिया ऑफिसात कारकून, वयाने तिशीचा. इंका राजांच्या इतिहासाच्या नादाने तो पूर्वी एकदा पेरू हिंडून आला होता, आणि त्यास स्पॅनिशबरोबर तेथील डोंगरी लोकांची केचुआ भाषाही येत असे. १८५९ साली भारतमंत्र्यांनी सिंकोना आणण्याची कामगिरी त्याजकडे सोपविली, आणि १८६० च्या मार्च महिन्यात तो जॉन वीर नावाच्या माळ्यास बरोबर घेऊन पेरूच्या इस्लाय बंदरात उतरला. कामाची विभागणी अशी होती की मार्कहॅमने पेरूच्या दक्षिण भागातील पिवळ्या सालीची जात आणावी, आणि इतरांनी उत्तरेकडे जाऊन तांबड्या आणि करड्या सालीच्या जाती आणाव्यात.

तेरा-चौदा हजार फुटांवरील उजाड पठार ओलांडून मार्कहॅम काराबाया प्रांतात शिरला. वाटेत क्रुसेरो या गावी त्याची गाठ डॉन मान्युएल मार्तेल नावाच्या एका माजी लष्करी गृहस्थाशी पडली. परक्यांनी झाडे नेण्याविरुद्ध हा गृहस्थ मोठ्या आवेशाने बोलला, आणि पाहुण्याचा हेतू काय असावा हे ताडून त्याने पुढील गावांच्या पंचायतींना पत्रेही धाडली. मार्कहॅम तरीही तांबोपाता नदीच्या खोऱ्यात उतरला. तेथे अरण्याच्या कडेला एकटाच राहून शेती करणाऱ्या एका वृद्धाने त्यास आसरा दिला, मारियानो मार्तिनेझ नावाचा एक अनुभवी कास्कारिलेरो वाटाड्या म्हणून मिळाला, आणि घसरड्या कड्यांवरून, वेलींना लोंबकळत, सततच्या पावसात हिंडून त्यांनी पाचशेहून अधिक रोपे मिळविली. रोपे मिळविली असे मी लिहिले, पण खरे पाहता ती मार्तिनेझने मिळविली. कोणते झाड चांगले आणि कोणते नुसते तसे दिसणारे, हे पानाच्या शिरेवरून आणि सालीच्या रंगावरून त्या निरक्षर माणसाला ओळखता येई. पुस्तके वाचून आलेल्यांना येत नसे. या संबंध इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडते, म्हणून मी ती येथे मुद्दाम नमूद करून ठेवतो.

इतक्यात किआका गावच्या अधिकाऱ्याचे फर्मान त्या वृद्ध यजमानाकडे येऊन थडकले की, या परक्यास एकही रोप नेऊ देऊ नये आणि त्यास धरून आमच्या हवाली करावे. यजमान घाबरला, मार्कहॅमने घाईघाईने रोपांची मुळे शेवाळात गुंडाळली, गाठोडी बांधली, आणि सांदिया गावचा रस्ता धरला. तेथे मार्तेलचा मुलगा आधीच येऊन लोकांना चिथावीत बसला होता, आणि खेचरे मिळावयाची तर ती क्रुसेरोच्याच वाटेने जातील अशी अट घालण्यात आली. क्रुसेरोस रोपे जप्त होणार हे उघड होते. तेव्हा मार्कहॅमने वीरला क्रुसेरोच्या राजरस्त्याने पुढे पाठविले, जेणेकरून पाळत ठेवणाऱ्यांचे लक्ष तिकडे गुंतून राहावे, आणि आपण स्वतः एक वाटाड्या व रोपांनी लादलेली खेचरे घेऊन, जेथे वस्ती नाही, पायवाटही धड नाही, अशा बर्फाळ पठारावरून होकायंत्राच्या आधाराने सरळ पश्चिमेकडे निघाला. रात्री पाणी गोठून जाई. अरण्याच्या उबेत वाढलेली ती कोवळी रोपे एका रात्रीच्या हिमाने करपली असती, म्हणून मुक्कामास पोचताच तो सर्व गाठोडी आपल्या तंबूत आणून पांघरुणांनी झाकी. अशा रीतीने पर्वत ओलांडून तो समुद्रकिनारी पोहोचला, आणि तेथे जकात अधिकाऱ्याने त्याला अडविले. वित्तमंत्र्यांचा लेखी हुकूम असल्यावाचून ही रोपे गलबतावर चढणार नाहीत, असे त्याने बजावले.

मार्कहॅम राजधानी लिमास गेला, आणि मोठ्या मिनतवारीने तो हुकूम घेऊन आला. दरम्यान रोपे काचेच्या झाकणाच्या पेट्यांत लावून ठेविली होती. लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरने शोधून काढलेल्या या पेट्यांत एकदा ओलसर माती घालून झाकण बंद केले की आतलाच ओलावा वाफ होऊन काचेवर जमतो आणि पुन्हा मातीत उतरतो, त्यामुळे महिनोन्‌महिने पाणी न घालता झाड जगते. त्या शतकात वनस्पतींची जी काही चोरटी आणि उघड ने-आण झाली ती बहुतेक सारी या पेट्यांच्या जोरावर. इस्लाय बंदरात रात्रीच्या वेळी या पेट्यांना भोके पाडून आत उकळते पाणी ओतावे, असा घाट काही लोकांनी घातला होता. तो फसला. परंतु जे उकळत्या पाण्याने साधावयाचे होते ते लंडनच्या सरकारी कारभाराने साधले. पॅसिफिकमधून थेट मद्रासेस गलबत जाऊ द्यावे ही मार्कहॅमची विनंती मान्य झाली नाही. रोपे पनामाची संयोगभूमी ओलांडून इंग्लंडास, तेथून इजिप्तास, आणि सुएझचा कालवा तेव्हा खणला गेला नसल्यामुळे आगगाडीने वाळवंट ओलांडून, ऐन उन्हाळ्याच्या झळा सोशीत तांबड्या समुद्रातून मुंबईस आली. मुंबईहून कालिकत आणि कालिकतहून निलगिरीवर उटकमंडास पोहोचेपर्यंत त्यांची मुळे कुजून गेली होती. ज्यांच्यासाठी एक माणूस हिमाच्या रात्री कुडकुडत बसला होता, त्यांतील जवळजवळ एकही रोप हिंदुस्थानच्या मातीत रुजले नाही.

सिंकोनाचा वंश हिंदुस्थानात रुजला तो रिचर्ड स्प्रूस या यॉर्कशरच्या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. दहा-अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात हिंडून त्याची प्रकृती पार ढासळली होती, पायांतील शक्ती गेली होती. तशाही अवस्थेत त्याने इक्वेडोरात चिंबोराझो पर्वताच्या पायथ्याशी जमीनमालकांना रीतसर पैसे मोजून तांबड्या सालीच्या झाडांचे बी गोळा करण्याचा परवाना मिळविला, आणि रॉबर्ट क्रॉस या माळ्याच्या साहाय्याने सुमारे एक लाख बिया आणि सहाशेहून अधिक रोपे जमविली. पुराच्या पाण्यातून, काठावरच्या फांद्यांवर आदळत, तराफ्यावरून त्या काचेच्या पेट्या समुद्रापर्यंत आल्या. १८६१ च्या प्रारंभी त्या गलबतावर चढल्या, आणि त्याच वर्षी इक्वेडोरने सिंकोनाचे रोप व बी देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा हुकूम काढला. स्प्रूसच्या या बियांपासून निलगिरीवर मॅकआयव्हर या कुशल बागाइताने लाखो झाडे उभी केली, पुढे दार्जिलिंगजवळ मंगपू येथेही बागा झाल्या.

आपल्या महाबळेश्वराचाही या कथेत एक छोटा, दुर्दैवी भाग आहे. मार्कहॅम हिंदुस्थानात आला तेव्हा सिंकोनास योग्य जागा शोधीत तो सह्याद्रीच्या या माथ्यावरही येऊन गेला, आणि पुढे लिंगमळ्यापाशी, वेण्णा नदीच्या अंगास, सरकारी खर्चाने सिंकोनाची बाग लावण्यात आली. लिंगमळ्याचा धबधबा पाहावयास आज हजारो लोक जातात. या वृक्षास वर्षभर वाटून आलेला ओलावा हवा असतो, आणि मुळाशी साचलेले पाणी त्यास मुळीच खपत नाही. महाबळेश्वरी चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळते आणि उरलेले आठ महिने माती तहानलेली राहते. दहा-एक वर्षांच्या प्रयत्नानंतर ती बाग सोडून द्यावी लागली. कोकणातील तापाने फणफणलेल्या खेड्यांच्या अगदी माथ्यावर, दोन दिवसांच्या चालीवर, हे औषध उगवू शकले असते तर काय झाले असते, हा विचार लिंगमळ्यास गेलो की माझ्या मनात हटकून येतो.

निलगिरीवरील तांबड्या सालीने पुष्कळ प्राण वाचविले, पण तिच्यात क्विनीन बेताचेच असे. खरा खजिना अद्याप बोलिव्हियातच होता, आणि तो कोठे आहे हे ठाऊक असलेला माणूस होता मान्युएल इंक्रा मामानी.

मामानी हा आयमारा जमातीचा, बोलिव्हियाचा राहणारा, धंद्याने कास्कारिलेरो. चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याकडे तो नोकरीस होता. लेजर अठरा वर्षांचा असताना, १८३६ साली, पेरूत आला आणि लोकर व साल यांच्या व्यापारात पडला. चोरटी निर्यात ही त्याला नवी नव्हती. अल्पाका नावाचा मऊ लोकरीचा प्राणी देशाबाहेर नेण्यास बंदी असताना त्याने अल्पाकांचा मोठा कळप बोलिव्हियातून आर्जेन्टिनात, तेथून अँडीज ओलांडून चिलीत, असा अनेक वर्षे चोरवाटांनी हाकीत नेला, आणि १८५८ साली अडीचशेहून अधिक जनावरे ऑस्ट्रेलियात सिडनी बंदरी उतरविली. त्या साहसातून त्यास कर्जाखेरीज काही लाभले नाही. सिडनीत असतानाच इंग्रज सरकार सिंकोनाच्या मागे लागल्याचे त्याने ऐकले, आणि आपल्या एका मेंढपाळाकरवी मामानीस निरोप धाडला की उत्तम झाडांचे बी जमवून ठेव.

निरोप पोहोचला, आणि मामानी कामास लागला. आता काम म्हणजे काय, ते पाहा. ज्या झाडांचे बी हवे ती झाडे दूर अरण्यात, आणि त्यांना फुले येऊन बी पिकावयाच्या सुमारास एप्रिल महिन्यात हिम पडले की सारा बहर करपून जाई. पहिल्या वर्षी हिम पडले, दुसऱ्या वर्षी पडले, तिसऱ्या, चौथ्या वर्षीही पडले. मामानी कोणतेही बी गोळा करून नेऊ शकला असता. लंडनच्या विद्वानांना सुद्धा बी पाहून जात ओळखता आली नसती, आणि लेजर तर हजारो कोस दूर होता. पण त्याने तसे केले नाही. आपण निवडलेल्या झाडांवरच बी धरेपर्यंत त्याने वाट पाहिली, आणि १८६५ साली ते सुरक्षित पिकल्यावर ते घेऊन, पर्वत ओलांडून, पेरूच्या ताक्ना गावी, दरम्यान तेथे परत आलेल्या लेजरच्या दारात येऊन तो उभा राहिला. किती तरी शेकडो मैलांची ती पायपीट, आणि पाठीवर असा माल की जो पकडला गेला तर तुरुंग निश्चित. लेजरने त्यास काही रोख रक्कम आणि काही जनावरे दिली. तशाच झाडांचे आणखी बी मिळविण्यासाठी पुढे तो पुन्हा त्या मुलखात गेला.

लेजरने त्यातील चौदा पौंड बी लंडनला आपला भाऊ जॉर्ज याच्याकडे पाठविले. सिंकोनाच्या कामी ज्याचा शब्द चालला असता तो मार्कहॅम तेव्हा लंडनात नव्हता, क्यू येथील उद्यानाचे वयोवृद्ध संचालक विल्यम हूकर त्याच वर्षी वारले, आणि निलगिरीवर बागा उत्तम वाढत असताना हे अनोळखी बी कशाला, असे म्हणून सरकारने ते घेण्याचे नाकारले. जॉर्ज लेजर मग हॉलंडकडे वळला. डच सरकारने एक पौंड बी शंभर गिल्डरच्या आसपास किंमत देऊन घेतले. उरलेले बी हिंदुस्थानातील एका मळेवाल्याने विकत घेतले, निलगिरीच्या सरकारी बागेकडून त्याच्या बदल्यात दुसरे बी घेतले, आणि इकडे त्या अमोल बियांचे काही म्हणण्यासारखे झाले नाही.

जावात मात्र त्या एका पौंडातून सुमारे वीस हजार रोपे उगवली. ती वाढू दिली, आणि १८७२ च्या सुमारास त्यांच्या सालीचे पृथक्करण केले तेव्हा डच रसायनशास्त्रज्ञांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना, कारण काही झाडांच्या सालीत दहा टक्क्यांहूनही अधिक क्विनीन होते. निलगिरीच्या तांबड्या सालीच्या कित्येक पट. त्यांनी मग निकृष्ट झाडे काढून टाकली, उत्कृष्ट झाडांचे बी आणि डोळे राखले, आणि ही नाजूक जात स्वतःच्या मुळावर जोमाने वाढत नाही हे दिसताच तिची कलमे तांबड्या सालीच्या बळकट खुंटावर बांधली. निरीक्षण, निवड आणि चिकाटी यांचा असा मिलाफ शेतीच्या इतिहासात थोडाच आढळेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निलगिरीतील आणि सिलोनातील मळेवाले या स्पर्धेपुढे टिकेनासे झाले, पुष्कळांनी सिंकोना उपटून चहा लावला, आणि १९३० च्या दशकापर्यंत जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक क्विनीन एकट्या जावा बेटाच्या सालीतून निघू लागले. ज्या अँडीजमधून हे झाड गेले तेथील सालीचा व्यापार तर केव्हाच बसला होता.

हिंदुस्थान सरकारने निलगिरीच्या आणि मंगपूच्या बागा चालू ठेविल्या, आणि १८९२ पासून बंगाल्यात टपालकचेऱ्यांतून क्विनीनची एका पैशाची पुडी विकण्यास आरंभ केला. पुढे इतर इलाख्यांतही ही प्रथा गेली. पोस्टमनजवळ पत्राबरोबर औषधही मिळावे ही कल्पना ज्या कोणास सुचली त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. पण गरज अफाट होती आणि आपली पैदास तिच्या मानाने अगदी तोकडी होती. उरलेले जावाहून घ्यावयाचे, आणि १९१३ पासून डच बागाइतदार व कारखानदार यांच्या करारामुळे अॅम्स्टरडॅम येथील एका संघाच्या हाती त्याचे भाव गेलेले. मग १९४२ च्या मार्चमध्ये जावा जपानच्या ताब्यात गेले, आणि एका दिवसात जगाचा क्विनीनचा झरा आटला. पुढच्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडला. उपाशी माणसांना हिवतापाने गाठले, आणि त्या वेळी ज्या औषधाची पुडी टपालकचेरीत मिळावी ते औषध मिळेना. १८६५ साली लंडनच्या सरकारी मेजावरून परत गेलेल्या त्या चौदा पौंड बियांची किंमत अशी, ज्यांनी ती नाकारली त्यांना नव्हे, तर बंगालच्या खेड्यांतील रयतेला द्यावी लागली.

लेजर उतारवयात ऑस्ट्रेलियास परतला, आणि तेथील पेढ्या बुडाल्या तेव्हा त्याची शिल्लक गेली. मार्कहॅमने त्याच्यासाठी खटपट केली. इंग्रज सरकारने काही दिले नाही, डच सरकारने १८९७ पासून त्यास वार्षिक बाराशे गिल्डरचे निवृत्तिवेतन दिले. १९०५ साली तो सिडनीस वारला. त्याच्या कबरीवर अनेक दशके नावही नव्हते. १९९४ साली तेथे शिला बसविण्यात आली आणि जगाला क्विनीन देणारा म्हणून त्याचा तिच्यावर गौरव करण्यात आला. जावातील त्या श्रेष्ठ जातीस वनस्पतिशास्त्रज्ञांनी ‘सिंकोना लेजरियाना’ असे नाव दिले होतेच.

लेजरने चोरी केली की उपकार केले, हा वाद मी पुष्कळदा मनाशी घालून पाहिला आहे. ज्या मातीने ते झाड घडविले तिच्या लेकरांना त्यातून काहीही मिळाले नाही, हे मला टोचते; आणि आजीच्या तपकिरी बाटलीतील गोळी घेऊन उठून बसलेली माझ्या घरची माणसे आठवली की ते बी बाहेर पडले नसते तर बरे होते असेही मला म्हणवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या तशाच शेजारी शेजारी ठेवणे मला भाग आहे. पण त्या नावाविषयी मात्र माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. अरण्यातील हजारो झाडांतून नेमकी ती झाडे ज्याने ओळखली, चार हिवाळे ज्याने वाट पाहिली, त्या माणसाचे नाव त्या झाडास द्यावयास हवे होते.

१८७१ साली मामानी पुन्हा बी गोळा करीत असताना बोलिव्हियात कोरोइकोच्या अंमलदाराच्या हाती सापडला. त्यास सुमारे वीस दिवस कैदेत ठेवण्यात आले, अन्नपाणी तोडण्यात आले, मारहाण करण्यात आली, आणि हे बी कोणासाठी जमविलेस असे पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. त्याने लेजरचे नाव सांगितले नाही. अखेर त्याची गाढवे काढून घेऊन त्यास सोडून देण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. त्या सुमारास जावात, त्याने निवडलेल्या झाडांची सहा वर्षांची संतती, डोंगरउतारावर ओळीने उभी होती, आणि तिची पहिली साल सोलून तपासावयास रसायनशाळेत जावयाची होती.